तार्नाक्याचा हिशेब
दूध-तूप सोडलेली मंडळी हल्ली विचारतात, प्रथिनं आणायची कुठून? हैदराबादेत याचं उत्तर तार्नाक्यात आहे. १९१८ साली कुन्नूरला बेरीबेरीच्या चौकशीसाठी निघालेलं छोटं केंद्र १९५८ मध्ये इथं आलं. १९६९ पासून ती राष्ट्रीय पोषण संस्था.

तिचे तक्ते मी इंजिनिअरच्या सवयीनं चाळतो. १०० ग्रॅम कच्च्या तांदळात प्रथिनं सुमारे ७ ग्रॅम, तूरडाळीत २२. शिवाय तांदळात कमी असलेलं लायसिन डाळ पुरवते, डाळीत कमी असलेलं मेथिओनिन तांदूळ.

त्या काळी जगभर ‘प्रथिनांच्या तुटी’चा गाजावाजा होता, मासळीच्या पिठापर्यंत उपाय सुचवले जात. संस्थेचे संचालक डॉ. सी. गोपालन आणि सातारा जिल्ह्यातले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांचं म्हणणं वेगळं होतं: धान्य-डाळीचं जेवण पोटभर मिळालं की प्रथिनंही बहुधा भागतात, खरी तूट अन्नाचीच.

अट मात्र एक, डाळ नावापुरती नको. आज संस्था धान्य-डाळीचं प्रमाण ३:१ सांगते. भातावरच्या पातळ आमटीनं ते कसं साधणार? म्हणून इथली खट्टी दाळ घट्टच करावी, आणि जोडीला मटकीची उसळ. डब्यातल्या पावडरीआधी हा हिशेब करून बघा.