प्रवाळ तापमापन

प्रवाळाच्या सांगाड्याची रासायनिक घडण तपासून गतकाळातील समुद्रपृष्ठाचे तापमान ठरविण्याची पद्धत. प्रवाळ समुद्रजलातून कॅल्शियम घेऊन ॲरागोनाइटचा सांगाडा रचतो. त्यात थोडे स्ट्राँशियमही शिरते. पाणी जितके उबदार, तितके स्ट्राँशियमचे कॅल्शियमशी गुणोत्तर कमी. ऑक्सिजनच्या जड समस्थानिकाचे (ऑक्सिजन-१८) प्रमाणही तापमान वाढले की घटते. परंतु पाऊस व बाष्पीभवन यांनी समुद्रजलाची घडण बदलली की त्यावरही परिणाम होतो. म्हणून दोन्ही मोजमापे एकाच नमुन्यावर केली, तर तापमान व क्षारता यांचा हिशेब वेगळा काढता येतो. या पद्धतीचे खरे बळ यातच आहे.

पोराइटीझ प्रजातीचे घुमटाकार प्रवाळ वर्षाला साधारण १ सेंमी. वाढतात. क्ष-किरण चित्रात त्यांचे वार्षिक पट्टे झाडाच्या खोडातील वर्तुळांसारखे मोजता येतात. वाढीच्या अक्षावर मिलिमीटरभर अंतराने पूड खरवडून घेतली, की जवळजवळ महिन्यागणिक नोंद हाती येते. मृत प्रवाळाचे वय युरेनियम-थोरियम पद्धतीने ठरवितात.

मध्य पॅसिफिकमधील पाल्मायरा बेटावर वादळांनी किनाऱ्यावर फेकलेल्या जीवाश्म प्रवाळांवरून किम कॉब व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये गेल्या सहस्रकातील काही कालखंडांचे हवामान उलगडले. त्यात एल निनोची सर्वांत तीव्र हालचाल सतराव्या शतकाच्या मध्यास आढळली.

मात्र प्रवाळाची स्वतःची जैविक क्रियाही गुणोत्तर बदलते. त्यामुळे प्रत्येक वसाहतीचे अंशांकन स्थानिक तापमान नोंदींशी पडताळावे लागते आणि प्रवाळ मृत झाल्यावर पुनर्स्फटिकीभवनाने बिघडलेले नमुने वगळावे लागतात.