सिम्युलियम डॅमनोसम
सिम्युलियम डॅमनोसम ही द्विपंखी गणाच्या सिम्युलिइडी कुलातील एक लहान काळी माशी आहे. ती आफ्रिकेत वेगवान ओढ्यांच्या व नद्यांच्या परिसरात आढळते. तिच्या मादीच्या चाव्यातून ऑन्कोसर्का व्हॉल्व्ह्युलस या कृमीचा प्रसार होतो व त्यामुळे ऑन्कोसर्कायसिस अर्थात नदी-अंधत्व हा रोग होतो. १९०३ मध्ये एकच प्रजाती म्हणून वर्णिलेली ही माशी प्रत्यक्षात अनेक सहोदर प्रजातींचा समूह असल्याचे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्पष्ट झाले. बाह्यरूपाने जवळजवळ सारख्या, परंतु परस्परांपासून जननदृष्ट्या अलग असलेल्या प्रजातींना सहोदर प्रजाती म्हणतात. या समूहाला ‘सिम्युलियम डॅमनोसम संकुल’ असे संबोधले जाते. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिका व येमेन येथे हे संकुल आढळते.

वर्णन
या माशीची लांबी काही मिलिमीटरच असते. शरीर काळपट व आखूड, वक्ष कुबडासारखे फुगीर, पंख रुंद व पारदर्शक आणि शृंगिका आखूड असतात. पुढच्या पायांचे गुल्फ चपटे असून त्यांवर केसांचा दाट तुरा असतो. मागच्या पायाच्या पहिल्या गुल्फखंडावर रुंद पांढरा पट्टा असतो. या लक्षणांमुळे संकुलातील माशी इतर काळ्या माश्यांपासून ओळखता येते. परंतु ती संकुलातील नेमकी कोणती प्रजाती आहे, हे केवळ त्यांवरून ठरवता येत नाही.

जीवनचक्र
मादी वाहत्या पाण्यातील दगड, पाने व बुडालेल्या फांद्या यांवर अंडी घालते. अळीला भरपूर ऑक्सिजन असलेले वेगवान पाणी लागते. ती रेशमासारख्या स्रावाची लहान गादी तयार करते आणि शरीराच्या मागील टोकावरील आकड्यांनी तिला घट्ट धरून राहते. डोक्यावरील पंख्यासारख्या अवयवांनी ती प्रवाहातील सूक्ष्म अन्नकण गाळून खाते. पुढे ती सपातेच्या आकाराचे वेष्टन विणून त्यात कोशावस्थेत जाते. नर व मादी दोघेही फुलांतील मधुरस घेतात. मात्र अंड्यांच्या वाढीसाठी मादीला रक्ताची गरज असते. ती दिवसा चावते. चावताना ती त्वचा फाडते व जखमेत साचलेले रक्त शोषते.

रोगप्रसार
बाधित व्यक्तीचे रक्त घेताना मादीच्या शरीरात सूक्ष्म कृमी (मायक्रोफिलेरिया) जातात. सुमारे आठवडाभरात ते संसर्गक्षम होतात आणि पुढच्या चाव्याच्या वेळी दुसऱ्या व्यक्तीच्या शरीरात शिरतात. माणसाच्या त्वचेखालील गाठींत प्रौढ कृमी अनेक वर्षे जगतात. त्यांची सूक्ष्म पिल्ले त्वचेत व डोळ्यांत पसरतात. ती मरताना होणाऱ्या दाहामुळे तीव्र खाज सुटते, त्वचा विद्रूप होते आणि दीर्घकाळ संसर्ग राहिल्यास दृष्टी जाते. माशीची पैदास प्रवाहात होत असल्याने नदीकाठच्या गावांना रोगाची झळ सर्वाधिक बसे. पश्चिम आफ्रिकेत अनेक सुपीक नदीखोरी यामुळे ओस पडली होती.

नामकरण व शोधाचा इतिहास
इंग्रज कीटकशास्त्रज्ञ फ्रेडरिक व्हिन्सेंट थिओबाल्ड यांनी १९०३ मध्ये युगांडातील नमुन्यांवरून या प्रजातीचे प्रथम वर्णन केले. ‘डॅमनोसम’ या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘हानिकारक’ असा आहे. ही माशी नदी-अंधत्वाच्या कृमीची वाहक असल्याचे मात्र डी. बी. ब्लॅकलॉक यांनी १९२६ मध्ये सिएरा लिओनमध्ये केलेल्या संशोधनातून सिद्ध झाले.

आर. डब्ल्यू. डनबार यांनी अळीच्या लाळग्रंथींतील महाकाय गुणसूत्रांचा अभ्यास केला. या गुणसूत्रांवरील आडव्या पट्ट्यांचा क्रम सूक्ष्मदर्शकाखाली वाचता येतो. गुणसूत्राचा एखादा भाग उलटा जोडला गेला, की हा क्रम बदलतो. एकाच ठिकाणी राहणाऱ्या दोन गटांत असे भिन्न क्रम असूनही मिश्र क्रमाच्या अळ्या सापडत नसतील, तर त्या गटांत संकर होत नाही असा निष्कर्ष निघतो. या आधारे डनबार यांनी १९६६ मध्ये युगांडातील ‘एकाच’ माशीत चार सहोदर प्रजाती असल्याचे दाखवले. १९७५ मध्ये सी. जी. व्हाजिमे व डनबार यांनी पश्चिम आफ्रिकेतील आठ प्रजाती वेगळ्या केल्या. सिम्युलियम सिर्बेनम, सि. याहेन्से, सि. सूब्रेन्से व सि. सँक्टिपॉली यांचा त्यांत समावेश होतो. संकुलातील गुणसूत्रीय प्रकारांची ज्ञात संख्या आता पन्नासहून अधिक आहे.

नियंत्रणातील महत्त्व
जागतिक आरोग्य संघटना, जागतिक बँक व संयुक्त राष्ट्रांच्या अन्य संस्थांच्या सहभागाने १९७४ मध्ये पश्चिम आफ्रिकेतील सात देशांत ऑन्कोसर्कायसिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. पुढे त्याची व्याप्ती अकरा देशांपर्यंत वाढली. हेलिकॉप्टर व विमानांतून नद्यांमध्ये दर आठवड्याला अळीनाशके सोडली जात.

या कामात प्रजातीची ओळख निर्णायक ठरली. सि. डॅमनोसम (मर्यादित अर्थाने) व सि. सिर्बेनम या गवताळ प्रदेशातील प्रजाती अंधत्वाचे प्रमाण अधिक असलेल्या कृमिप्रकाराचा प्रसार करतात. त्या वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटर प्रवास करून फवारणी झालेल्या नद्यांवर पुन्हा पोहोचत. याउलट, टेमेफॉस या अळीनाशकाला प्रतिकार प्रथम आयव्हरी कोस्टमधील वनप्रदेशीय प्रजातींत आढळला. त्यामुळे कोणत्या नदीत कोणते द्रव्य वापरावे, हे तेथील अळ्यांच्या तपासणीवरून ठरवावे लागे. बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्राएलेन्सिस या जिवाणूपासून बनवलेले अळीनाशकही वापरात आले. १९८७ पासून आयव्हरमेक्टिन हे औषध मोफत उपलब्ध झाले. कार्यक्रम २००२ मध्ये संपला. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार त्यामुळे सुमारे ६ लाख लोकांचे अंधत्व टळले आणि सुमारे २.५ कोटी हेक्टर जमीन पुन्हा वस्ती व शेतीयोग्य झाली.

ओळखीतील अडचणी
संग्रहालयात टाचणीला टोचून ठेवलेल्या प्रौढ नमुन्यांवरून गुणसूत्रांचा क्रम वाचता येत नाही. त्यामुळे जुन्या नावांची सांगड नव्याने ओळखलेल्या प्रजातींशी घालणे अवघड जाते. गुणसूत्रांच्या तपासणीसाठी पूर्ण वाढ झालेल्या अळ्या अल्कोहोल व अॅसिटिक आम्लाच्या मिश्रणात जतन कराव्या लागतात. चावणारी मादी मात्र प्रौढ असते. प्रत्यक्ष रोगवाहक माशी कोणत्या प्रजातीची आहे हे ठरवण्यासाठी शरीररचनेच्या सूक्ष्म मोजमापांबरोबर डीएनए-आधारित पद्धतींचा वापर केला जातो. तरीही निकटच्या काही प्रजाती त्यांद्वारे निश्चितपणे वेगळ्या करता येत नाहीत.