आजी-आजोबांसाठी इमर्जन्सी बटण: ते कसं चालतं आणि वस्तीवरच्या घरात काय कामाचं?

इमर्जन्सी अलर्ट डिव्हाइस म्हणजे गळ्यात, मनगटावर किंवा भिंतीवर असलेलं एक बटण. ते दाबलं की ठरलेल्या माणसांना लगेच फोन किंवा मेसेज जातो. वयस्कर माणसं, चालता न येणारे, कमी दिसणारे किंवा बोलायला अडचण असणारे लोक यांच्यासाठी ते बनवलेलं असतं. ऑनलाइन शोधलं तर ढीगभर मॉडेल दिसतात. पण त्यातली बरीच शहरातला फ्लॅट डोळ्यांसमोर ठेवून बनवलेली आहेत.

मी दौंड तालुक्यातल्या कासुर्डीचा. पुणे-सोलापूर हायवे जवळ असला तरी आमच्याकडे बरीच घरं उसाच्या रानात, वस्तीवर आहेत. घराला नंबर नाही, शेजारी हाकेच्या अंतरावर नाही आणि पोरं कामाला पुण्यात. माझी आजी अशाच घरात राहते. त्यामुळे ही वस्तू मी तिच्या हिशोबाने तपासतो.

मिनिटं का महत्त्वाची?

म्हातारं माणूस पडलं की मोडलेलं हाड हा एक भाग झाला. दुसरा धोका म्हणजे उठता न येणं. तासाभराहून जास्त वेळ फरशीवर पडून राहिलं तर दाबलेल्या स्नायूंना इजा होते, अंगातलं पाणी कमी होतं आणि किडनीवरही ताण येऊ शकतो. म्हणजे डिव्हाइसचं खरं काम पडणं थांबवणं नाही, पडल्यापासून कोणीतरी पोचेपर्यंतचा वेळ कमी करणं आहे.

आत नेमकं काय होतं?

यात तीन प्रकार आहेत.

१. ब्लूटूथ बटण: छोट्या नाणे-सेलवर महिनोन् महिने चालतं, पण स्वतः फोन लावू शकत नाही. ते जवळच्या स्मार्टफोनला सिग्नल देतं. जाड भिंतीचं घर असेल तर रेंज साधारण दहा मीटरच्या आसपास धरा. गोठ्यात गेलेल्या माणसाचा फोन घरात चार्जिंगला असेल तर उपयोग शून्य.

२. सिमवालं पेंडंट: यात स्वतःचं सिम आणि जीपीएस असतं. हे गोठ्यातूनही फोन लावतं, पण वारंवार चार्ज करावं लागतं. घेताना एक गोष्ट नक्की पाहा. स्वस्त डिव्हाइस बऱ्याचदा फक्त २जी नेटवर्कवर चालतात आणि जिओचं २जी नेटवर्कच नाही. त्यामुळे आधी वस्तीवर कोणत्या कंपनीची रेंज येते ते बघा, मग डिव्हाइस निवडा.

३. आपोआप ओळखणारं घड्याळ: यातला ॲक्सिलरोमीटर हालचाल मोजतो. आधी क्षणभर मोकळं पडणं, मग जोराचा दणका आणि मग शांतता, असा क्रम दिसला की ते 'पडलात का?' असं विचारतं. ॲपल वॉचमध्ये ही सोय २०१८ च्या सिरीज ४ पासून आहे. साधारण मिनिटभर हालचाल झाली नाही तर ते स्वतः फोन लावतं. पण खाटेवरून हळूच घसरलं तर दणका बसत नाही आणि ते ओळखता येईलच असं नाही. म्हणून हाताने दाबायचं बटण हवंच.

चांगलं डिझाइन कसं ओळखायचं?

- बटण मोठं आणि थोडं आत बसलेलं असावं. थरथरत्या हाताला सापडलं पाहिजे, पण कुशीवर वळताना दाबलं जाऊ नये. दोन-तीन सेकंद दाबून धरण्याची सोय चांगली. मात्र लकवा झालेल्या माणसाला तेही जमेल का, ते त्याच्याकडून करून घेऊन पाहा.
- दाबल्यावर आवाज, व्हायब्रेशन आणि लाइट तिन्ही हवेत. ऐकू न येणाऱ्याला आवाज कळत नाही, न दिसणाऱ्याला लाइट कळत नाही.
- चुकून दाबलं तर रद्द करता आलं पाहिजे. चार वेळा खोटा अलार्म गेला की पाचव्या वेळी कोणी धावत नाही.
- पाण्यात चालणारं हवं, कारण न्हाणीघरात ते काढून ठेवलं तर घसरण्याच्या जागीच ते अंगावर नसतं. ब्रिटनमध्ये अपंगांसाठीच्या शौचालयांत लाल दोरी फरशीपर्यंत सोडलेली असते, पडलेल्या माणसाच्या हाताला लागावी म्हणून. आपल्याकडे भिंतीवर बटण लावायचं असेल तर एक उभ्याने आणि एक फरशीजवळ लावा.
- लाज वाटू नये असं असावं. आजीला गळ्यातलं प्लास्टिक नको होतं, 'आजारी दिसते' म्हणायची. मनगटावर मात्र चाललं. जे अंगावर राहतं तेच कामाचं.

वीज गेली तर?

वायफायवर चालणारं डिव्हाइस राउटर बंद पडला की मुकं होतं. हा प्रश्न फक्त खेड्यातला नाही. ब्रिटनमध्ये जुन्या टेलिफोन लाइन डिजिटल करताना काही वृद्धांचे अलार्म बंद पडले. शेवटी डिसेंबर २०२३ मध्ये तिथल्या टेलिकॉम कंपन्यांनी सक्तीने लाइन बदलणं थांबवायचं मान्य केलं. म्हणून 'बॅटरीवर किती तास?' हा प्रश्न विकत घेण्याआधीच विचारा.

फोन कोणाला जावा?

११२ हा पोलीस, अग्निशमन आणि वैद्यकीय मदतीसाठीचा एकच नंबर आहे. ॲम्ब्युलन्ससाठी महाराष्ट्रात १०८, तर ज्येष्ठांच्या सल्ल्यासाठी आणि अडचणींसाठी एल्डरलाइन १४५६७. पण वस्तीवर सगळ्यात आधी पोचणार तो बाजूच्या वस्तीवरचा माणूसच. म्हणून यादीत पहिला नंबर त्याचा, दुसरा गावातल्या नातेवाइकाचा आणि तिसरा पुण्यातल्या तुमचा ठेवा.

यात पुणे जिल्ह्यातल्या अनेक गावांत वापरली जाणारी ग्राम सुरक्षा यंत्रणा शिकण्यासारखी आहे. १८०० २७० ३६०० या टोल फ्री नंबरवर फोन करून निरोप सांगितला की तो नोंदणी केलेल्या गावकऱ्यांच्या मोबाइलवर एकाच वेळी कॉल म्हणून जातो. चोर, बिबट्या, आग, अपघात अशा वेळी ती वापरतात. ना ॲप, ना इंटरनेट, साधा फोन पुरतो. उणीव एवढीच की पडलेल्या माणसाने नंबर लावून बोलायला हवं. त्यामुळे घरच्यांनी तो सेव्ह करून ठेवावा आणि आपले नंबर नोंदलेले आहेत का, हे ग्रामपंचायतीत विचारून घ्यावं.

खर्च न करता आज काय करता येईल?

- ॲन्ड्रॉइड १२ किंवा पुढचा फोन असेल तर सेटिंग्जमध्ये 'सेफ्टी अँड इमर्जन्सी' शोधा आणि इमर्जन्सी एसओएस सुरू करा. बऱ्याच फोनमध्ये पॉवर बटण पाच वेळा दाबलं की ते चालतं आणि ११२ ऐवजी घरचा नंबरही टाकता येतो. आधी घरचा नंबर टाका आणि मगच चाचणी घ्या.
- आजी-आजोबांकडे बटणांचा फोन असेल तर ५ किंवा ९ दाबून धरून बघण्याआधी त्याची माहिती वाचा. १ जानेवारी २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या फोनमध्ये या बटणावर पॅनिक कॉलची सोय सक्तीची केली होती, आणि तो कॉल खरोखर ११२ ला जाऊ शकतो.
- पत्ता एका कागदावर लिहून फोनजवळ चिकटवा: गाव, तालुका, हायवेवरून कोणत्या रस्त्याला वळायचं, जवळची खूण, विहीर की डीपी. पत्र्याच्या घरात जीपीएस नीट लागत नाही, तेव्हा हाच कागद ॲम्ब्युलन्सला वाट दाखवतो.
- महिन्यातून एक दिवस ठरवा आणि त्या दिवशी बटण दाबून बघा. फोन कोणाला गेला, किती वेळात गेला, त्याने उचलला का, हे लिहून ठेवा. बाजूच्या वस्तीवरच्या काकांनाही आधी सांगा की आज चाचणी आहे.