जग काय जपतं आणि काय नाही

जुलै १९९६. लिनस टोरवाल्ड्सची हार्डडिस्क शेवटच्या घटका मोजत होती. लिनक्स कर्नलची २.०.८ आवृत्ती जाहीर करताना त्याने गमतीत लिहिलं की, टेपवर बॅकअप घेतात ते भित्रे. खरे मर्द आपलं काम एफटीपीवर चढवतात आणि बाकीचं जग त्याच्या प्रती ठेवतं. त्याच्यापुरतं ते खरंच होतं. १९९१मध्ये हेलसिंकीत एका विद्यार्थ्याने सुरू केलेलं हे कर्नल तोवर जगभरच्या सर्व्हरवर पोचलं होतं.

तुमच्या-माझ्यापुरतं मात्र नाही. भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या घरच्या जुन्या लॅपटॉपसाठी मी कर्नल स्वतः बांधलंय: नको ते ड्रायव्हर काढून, वायफायसाठी एक पॅच लावून. मूळ कर्नल जग सांभाळतंय. पण हजारो पर्यायांपुढे मी दिलेली 'हो', 'नाही', 'मॉड्यूल' ही उत्तरं फक्त या एका डिस्कवर आहेत. सिस्टीम नव्याने टाकली की पुसली जाणार ती हीच.

म्हणून फॉरमॅटआधी पेनड्राइव्हवर काय घ्यायचं? बांधलेलं कर्नल आणि त्याच आवृत्तीचं मॉड्यूल्सचं फोल्डर, दोन्ही सोबत. आवृत्ती जुळली नाही तर मॉड्यूल्स चढत नाहीत. पण बांधलेलं कर्नल जुनं होतं, सुरक्षेच्या दुरुस्त्या पुढच्या आवृत्तीत येतात. जास्त टिकते ती '.कॉन्फिग' ही साधी मजकुराची फाइल, आणि सोबत पॅच. नव्या कर्नलवर 'मेक ओल्डकॉन्फिग' चालवलं की जुनी उत्तरं तशीच राहतात, प्रश्न फक्त नव्या पर्यायांचे येतात. ही फाइल हरवते, हे कर्नल लिहिणाऱ्यांनाही ठाऊक होतं. २००३मध्ये आलेल्या २.६ मालिकेत तशी सोय निवडली, तर कर्नल आपली कॉन्फिग स्वतःच्याच पोटात ठेवतं आणि चालू असताना ती वाचता येते.

धानाच्या पट्ट्यातल्या माणसाला यात नवं काही वाटू नये. आमच्या दक्षिणेला, चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावी, १९८३मध्ये दादाजी खोब्रागडेंना शेतात तीन वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या प्लास्टिकच्या पिशवीत जपल्या आणि पुढच्या हंगामात वेगळ्या पेरल्या. त्यातून आलेला 'एचएमटी' तांदूळ आज राज्याबाहेरही पिकतो. आता त्याचं बियाणं हजारो घरांत आहे. पण त्या पहिल्या वर्षी ते एकाच पिशवीत होतं.