बाघ नदीच्या दोन्ही काठांवरचा पट

गोंदियाहून बालाघाटच्या रस्त्याला लागलात की रावणवाडी मागे पडते आणि बाघ नदीचा पूल येतो. अलीकडे महाराष्ट्र, पलीकडे मध्य प्रदेशातले राजेगाव. दोन्ही काठांवर धानाच्या बांध्या सारख्याच, बोलणेही सारखेच. इथल्या बैलांच्या शर्यतीचा इतिहास पाहायचा असेल तर आजचा पूल, डांबर आणि सीमेची पाटी डोळ्यांआड करा आणि मागे चला.

अठरावे शतक. नागपूरकर भोसल्यांचा अंमल आहे. जंगलातल्या गाडवाटेच्या कडेला तुम्ही उभे आहात. आधी घुंगरांचा आवाज येतो, मग धूळ, आणि धुळीतून पांढरे, सडपातळ, लांबट तोंडाचे बैल दुडक्या चालीने बाहेर पडतात. हे गवळाऊ. वर्धा, नागपूर, छिंदवाडा, शिवनी, बालाघाट हा त्यांचा मुलूख. मराठी फौजांची रसद डोंगराळ भागात झपाट्याने पोचावी म्हणून ही जात जोपासली गेली, असे पशुतज्ज्ञ सांगतात. त्यांच्या खुरांखालची जमीन हलकेच थरथरते आणि पाहता पाहता तांडा झाडीत दिसेनासा होतो.

1853 साली तिसरे रघुजी भोसले वारले आणि त्यानंतर इंग्रजांनी नागपूरचे राज्य खालसा केले. फौजा गेल्या, रसदीचे तांडे थांबले. पळणाऱ्या बैलाची हौस मात्र शेतकऱ्याच्या कोठ्यात तशीच राहिली.

आता 1955 च्या हिवाळ्यात या. धान कापून, चुरून झाले आहे. पायाखाली धसकटे टोचतात, हवेत तणसाचा वास आहे. या मुलखात शर्यत म्हटले की बैलजोड्यांचा शंकरपट. बांधीतली ढेकळे फोडून, माती दाबून दोन सरळ पट्ट्या तयार केल्या आहेत. एका वेळी दोन जोड्या शेजारी-शेजारी सुटणार.

पहाटेपासून गाड्या येत आहेत. नदीच्या उथळ पात्रातून पलीकडच्या गावांतली माणसे उतरून येतात, कारण या दिवसांत नदी कुणाची सीमा नाही. बालाघाट आणि गोंदियाचा भाग ज्यात येतो तो भंडारा हे दोन्ही जिल्हे मध्य प्रदेशात आहेत आणि त्या प्रदेशाची राजधानी नागपूर आहे. लेकी माहेरी आल्या आहेत. चहाच्या कढईभोवती म्हातारी मंडळी सोयरिकीचे बोलत आहेत. तुम्ही एका जोडीजवळ थांबता. मालक बैलाच्या पाठीवरून हात फिरवतो आहे. महिनोन् महिने सरकी आणि ढेप चारून, रोज चालवून, मालिश करून त्याने ही जोडी उभी केली आहे. आज ती हलक्या छकड्याला जुपली आहे.

‘सरका ना भाऊ, जोडी येऊन राह्यली!’

तुम्ही मागे सरकता. झेंडी खाली येते. धुरकरी छकड्यावर वाकतो, कासरा सैल सोडतो, आणि सोळा खुरांचा आवाज छातीत घुमतो. दोन जोड्या तुमच्यासमोरून जातात तेव्हा दिसतात त्या फक्त ताणलेल्या माना आणि उडणारी माती. काही सेकंदांतच सारे संपते. पोरे शेवटच्या खुणेकडे धावतात, जिंकलेल्या जोडीच्या कपाळाला गुलाल लागतो. रात्री याच गावात लोकनाट्याची दंडार उभी राहील, गंमत रंगेल आणि पाहुणे पहाटेपर्यंत बसतील.

या गर्दीत एक गोष्ट मात्र नजरेआड करू नका. काही धुरकऱ्यांच्या हातात तुतारी आहे, टोकाला खिळा बसवलेली काठी. एका बैलाच्या मांडीवर रक्ताचा ओघळ आहे. मालिश करणारे हात आणि टोचणारे हात, दोन्ही याच पटावर आहेत.

1 नोव्हेंबर 1956. राज्यांची पुनर्रचना होते. भंडारा मुंबई राज्यात जातो, बालाघाट नव्या मध्य प्रदेशात राहतो आणि बाघ नदी दोन राज्यांची सीमा होते. पुढच्या दशकांत ट्रॅक्टर येतो आणि कोठ्यातल्या जोड्या कमी होत जातात.

7 मे 2014 ला या. सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूतल्या जल्लिकट्टूवर आणि महाराष्ट्रातल्या बैलगाडा शर्यतींवर बंदी घातली आहे. त्या हिवाळ्यात गोंदियाच्या बाजूच्या पटाच्या जागेवर गेलात तर कायदेशीर शर्यतीची झेंडी दिसणार नाही. 2017 मध्ये महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली, पण उच्च न्यायालयाने शर्यती थांबवल्या. 16 डिसेंबर 2021 ला सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिली आणि 18 मे 2023 ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तामिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या.

महाराष्ट्रात आता पटाला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. बैलाला मारणे, टोचणे, विजेचा झटका देणे यांना मनाई आहे. अटी मोडणाऱ्याला पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. न्यायालयाने मान्य केलेल्या त्या तीन राज्यांत मध्य प्रदेशाचे नाव नाही. म्हणजे एकाच नदीकाठच्या, एकाच जातीच्या बैलाचे कायद्यातले स्थान पूल ओलांडला की बदलते.

कायदा पुलावर बदलत असला, तरी बैलाची कातडी दोन्ही काठांवर सारखीच दुखते. बंदीच्या वर्षांत ‘आमची परंपरा’ म्हणून आपण मोठ्याने बोललो, आणि ते खरेही होते. पण त्या परंपरेतला अभिमानाचा भाग म्हणजे रोज पाठीवरून फिरणारा हात; खिळा नव्हे. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या पट मंडळांनी एवढे करावे: तुतारी पटावर येऊ देऊ नये, दमलेली जोडी धावू देऊ नये आणि प्रत्येक पटावर पशुवैद्य ठेवावा. आणि वाचकहो, या हिवाळ्यात पटाला जाल तेव्हा आधी बैलाच्या मांड्या पाहा, मगच टाळी वाजवा.