बायबलमधील हिब्रू व्यक्तिनामे : व्युत्पत्ती, अर्थ आणि ऐतिहासिक पुरावा

प्रस्तावना

मानवी समाजात नाव हे केवळ व्यक्ती ओळखण्याचे साधन नसते. नाव ठेवणाऱ्यांची श्रद्धा, त्यांची भाषा आणि ते ज्या सत्तेखाली राहतात त्या सत्तेची छाया नावात उमटलेली असते. शिलालेख व ताम्रपट यांतील व्यक्तिनामांवरून एखाद्या काळातील धर्मजीवनाचा मागोवा घेण्याची पद्धत इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे. बायबलच्या जुन्या करारातील हिब्रू नावे अशाच अभ्यासाचे एक समृद्ध क्षेत्र आहे. जर्मन अभ्यासक मार्टिन नोट यांनी १९२८ मध्ये इस्राएली व्यक्तिनामांवर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला आणि तेव्हापासून या विषयाला शास्त्रीय बैठक लाभली.

तथापि नामार्थाच्या लोकप्रिय पुस्तिकांमधून प्रत्येक नावापुढे एकच अर्थ निश्चितपणे छापलेला आढळतो. 'मोशे म्हणजे पाण्यातून काढलेला', 'शमुवेल म्हणजे देवाजवळ मागितलेला' अशी ही विधाने असतात. त्यांत दोन भिन्न गोष्टींची गल्लत झालेली असते. ग्रंथातील कथेने नावाचा सांगितलेला अर्थ ही एक गोष्ट आणि त्या नावाची भाषिक व्युत्पत्ती ही दुसरी गोष्ट होय. या दोहोंना वेगळे केल्याशिवाय नाव हे इतिहासाचे साधन म्हणून वापरता येत नाही, हे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपाद्य आहे. हिब्रू नावांची रचना स्पष्ट करणे, ग्रंथोक्त अर्थ आणि व्युत्पत्ती यांतील अंतर दाखविणे व धर्म आणि सत्ता यांच्या इतिहासासाठी या नावांचे मोल तपासणे ही निबंधाची उद्दिष्टे आहेत. नावांची रूपे शक्यतो मराठी बायबलमध्ये रूढ असलेलीच घेतली आहेत.

१. हिब्रू नावांची रचना

हिब्रू ही सेमिटिक भाषाकुलातील भाषा आहे. या भाषांमध्ये शब्द बहुधा तीन व्यंजनांच्या धातूपासून बनतात. अनेक हिब्रू नावे म्हणजे एक छोटे वाक्यच असते. त्यात एक पद देवतावाचक आणि दुसरे बहुधा क्रियावाचक असते. देवतावाचक पदांपैकी 'एल' आणि 'याहवे' या नावाची 'यहो', 'यो', 'याहू', 'या' अशी संक्षिप्त रूपे सर्वाधिक आढळतात.

'न-त-न' म्हणजे 'देणे' या धातूचे उदाहरण येथे उद्बोधक ठरते. 'एलनाथान' व 'नथनेल' या दोन्ही नावांचा अर्थ 'एलने दिला' असा होतो. 'योनाथान' व 'नथन्या' म्हणजे 'याहवेने दिला'. देवतावाचक पद आधी येवो वा नंतर, अर्थ तोच राहतो. देवतावाचक पद गळून पडले की केवळ 'नाथान' उरते. आपल्याकडील देवदत्त, ईश्वरदत्त या नावांशी या नावांचे अर्थसाम्य सहज लक्षात येते. मात्र संस्कृत नाव समास असते, तर हिब्रू नाव बहुधा पूर्ण विधान असते. कधी ते विधानही नसते, प्रश्न असतो. 'मीखाएल' म्हणजे 'एलसारखा कोण?'.

सर्वच नावे देवतावाचक नाहीत. राहेल म्हणजे मेंढी, दबोरा म्हणजे मधमाशी, योना म्हणजे पारवा, तामार म्हणजे खजुरीचे झाड. स्त्रियांच्या नावांत देवतावाचक पद तुलनेने क्वचित आढळते. प्राणी व वनस्पती यांवरून घेतलेली नावे अधिक दिसतात. परंतु नाव ठेवण्याचा अधिकार मात्र अनेक प्रसंगी स्त्रियांकडे असल्याचे दिसते. उत्पत्तीच्या २९ व्या व ३० व्या अध्यायांत लेआ आणि राहेल आपल्या मुलांची व दासींच्या मुलांची नावे स्वतः ठेवतात आणि प्रत्येक नावातून आपले दुःख किंवा विजय व्यक्त करतात. मरणोन्मुख राहेल आपल्या मुलाला 'बेनओनी', म्हणजे 'माझ्या दुःखाचा पुत्र', असे नाव देते आणि याकोब ते बदलून 'बन्यामीन' करतो (उत्पत्ती ३५:१८). आईने दिलेले नाव आणि बापाने दिलेले नाव हे दोन्ही ग्रंथाने जपून ठेवले, ही बाब लक्षणीय आहे.

२. ग्रंथोक्त अर्थ आणि भाषिक व्युत्पत्ती

निर्गम २:१० मध्ये फारोची कन्या बाळाचे नाव 'मोशे' ठेवते, कारण 'मी याला पाण्यातून काढले'. येथे 'माशा' म्हणजे 'ओढून काढणे' या हिब्रू क्रियापदाशी नावाचा संबंध जोडला आहे. परंतु इजिप्तची राजकन्या हिब्रूमधून नाव का ठेवील, हा प्रश्न उरतो. शिवाय व्याकरणदृष्ट्या 'मोशे' या रूपाचा अर्थ 'काढलेला' असा नसून 'काढणारा' असा होतो. बहुसंख्य अभ्यासक हे नाव प्राचीन इजिप्शियन भाषेतील 'जन्मलेला' या अर्थाच्या शब्दापासून आल्याचे मानतात. थुतमोस, रामसेस या राजनामांत तोच शब्द आहे. अहरोनाचा नातू फिनहास याचे नावही इजिप्शियन असून त्याचा अर्थ 'नूबियाचा मनुष्य' असा आहे. मोशेच्याच घराण्यात परभाषेतील नावे टिकून राहावीत, हा इजिप्तशी आलेल्या संपर्काचा एक पुरावा ठरतो. मात्र केवळ त्यावरून निर्गमनाची संपूर्ण कथा सिद्ध होत नाही, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

'याकोब' या नावाचे ग्रंथात दोन अर्थ आले आहेत. जन्मतः त्याने भावाची टाच धरली होती, हा एक (उत्पत्ती २५:२६) आणि त्याने भावाला फसविले, हा दुसरा (२७:३६). इ.स.पू. दुसऱ्या सहस्रकातील अमोरी नावांमध्ये याच धातूपासून बनलेली 'एल रक्षण करो' अशा अर्थाची नावे मिळतात. त्यावरून 'याकोब' हे मूळच्या दीर्घ नावाचे संक्षिप्त रूप असावे, असे मानले जाते. म्हणजे मूळ नाव आशीर्वादपर आणि कथेतील अर्थ मात्र त्या व्यक्तीच्या स्वभावावर बोट ठेवणारा, असा हा विरोधाभास आहे.

शमुवेलाचे उदाहरण याहून बोलके आहे. हन्ना म्हणते, 'मी याला परमेश्वराजवळ मागितले', म्हणून ती मुलाचे नाव शमुवेल ठेवते (१ शमुवेल १:२०). मागणे या अर्थाचा हिब्रू धातू 'शाअल' आहे आणि त्यापासून 'शमुवेल' बनू शकत नाही. त्यापासून 'शौल' बनते. 'शौल' या नावाचा शब्दशः अर्थच 'मागितलेला' असा आहे. 'शमुवेल' याचा अर्थ 'एलचे नाव' किंवा 'त्याचे नाव एल' असा केला जातो. म्हणून ही जन्मकथा मुळात राजा शौल याची असावी, असे मत काही अभ्यासकांनी मांडले आहे. इतरांच्या मते लेखकाने हा श्लेष जाणूनबुजून साधला असून खरा 'मागितलेला' राजा कोण, असा सूचक प्रश्न त्यातून उभा केला आहे.

या उदाहरणांवरून ग्रंथोक्त अर्थ चुकीचे, म्हणून टाकाऊ, असा निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. व्युत्पत्ती आपल्याला नाव निर्माण झाले त्या काळाविषयी सांगते. ग्रंथोक्त अर्थ कथा रचली गेली त्या काळाविषयी सांगतो. ही दोन स्वतंत्र कालखंडांची साधने आहेत. 'इस्राएल' हे नावच याची साक्ष देते. 'देवाशी व माणसांशी झुंजलेला' असा अर्थ उत्पत्ती ३२:२८ मध्ये दिला आहे. परंतु अशा नावांच्या रचनेत 'एल' हा कर्ता असतो, म्हणून 'एल झुंजतो' किंवा 'एल राज्य करतो' असा अर्थ अधिक संभवतो. इजिप्तचा राजा मर्नेप्ता याच्या इ.स.पू. सुमारे १२०८ च्या शिलालेखात हे नाव एका लोकसमूहाचे नाव म्हणून आले आहे. त्या समूहाच्या नावात 'याहवे' नसून 'एल' आहे, ही बाब इस्राएली धर्माच्या आरंभकाळाविषयी बरेच काही सुचविते.

३. 'बआल'युक्त नावे आणि लेखनिकांची दुरुस्ती

'बआल' या शब्दाचा मूळ अर्थ धनी, स्वामी किंवा पती असा आहे. कनानी लोकांच्या पर्जन्यदेवतेचेही तेच नाव होते. पुढील काळात संदेष्ट्यांनी या देवतेच्या उपासनेवर कठोर टीका केली. अशा स्थितीत शौलाच्या घराण्यातील नावे पाहिली म्हणजे आश्चर्य वाटते. शौलाच्या एका मुलाचे नाव 'योनाथान', तर दुसऱ्याचे 'एश्बाल', म्हणजे 'बआलचा मनुष्य'. योनाथानाच्या मुलाचे नाव 'मरीब्बाल'. खुद्द दावीदाच्या एका मुलाचे नाव 'बेल्यादा' होते (१ इतिहास १४:७).

शमुवेलाच्या ग्रंथात मात्र ही नावे वेगळी दिसतात. एश्बालचा 'ईश-बोशेथ' होतो, मरीब्बालचा 'मफीबोशेथ' होतो आणि बेल्यादाचा 'एल्यादा'. 'बोशेथ' म्हणजे लाज. कोणताही बाप आपल्या मुलाला 'लाजेचा मनुष्य' असे नाव देणार नाही. ज्या नावाचा उच्चारही पुढील पिढ्यांना सहन होईना, ते नाव लेखनिकांनी बदलले, हे येथे उघड आहे. इतिहास हा ग्रंथ शमुवेलाहून उत्तरकालीन असूनही त्यातील वंशावळीत जुनी रूपे टिकून राहिली. उत्तरकालीन साधन प्रत्येक वेळी कमी विश्वसनीय असते असे नाही, हा धडा यातून मिळतो.

उत्खननानेही या निष्कर्षाला बळकटी दिली आहे. खिरबेत कैयाफा येथे २०१२ मध्ये सापडलेल्या व २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका रांजणावर 'एश्बाल बेन बेदा' असे नाव कोरलेले आहे. हा रांजण सुमारे इ.स.पू. १००० चा मानला जातो. हा एश्बाल शौलाचा पुत्र नव्हे. पण हे नाव त्या काळी प्रत्यक्ष वापरात होते, हे यावरून सिद्ध होते. शोमरोन येथे १९१० मध्ये सापडलेल्या इ.स.पू. आठव्या शतकातील खापरांवर मद्य व तेल यांच्या नोंदी आहेत. त्यांत 'अबीबाल', 'मरीबाल' यांच्याबरोबरच 'गद्दीयाव', 'शमरयाव' अशी याहवेयुक्त नावेही आहेत. याउलट यहूदा राज्यातील मुद्रा व पत्रांत याहवेयुक्त नावांचे निर्विवाद प्राबल्य दिसते; जेफ्री टिगे यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही शिलालेख व मुद्रांमधील देवतायुक्त नावांत अशा नावांचीच बहुसंख्या दाखविली आहे.

मात्र येथे दोन सावधगिरीच्या सूचना आवश्यक आहेत. एक म्हणजे 'बआल' हा शब्द प्रत्येक ठिकाणी परदैवताचाच वाचक असेल असे नाही. दावीदाच्या एका सहकाऱ्याचे नाव 'बअल्या' होते (१ इतिहास १२:५). त्याचा अर्थ 'याहवे हाच स्वामी'. म्हणजे एकेकाळी 'बआल' हे याहवेचेही विशेषण होते. होशेय २:१६ मध्ये 'यापुढे मला बआल म्हणू नका' अशा आशयाचे वचन येते, ते याच कारणाने. दुसरे म्हणजे मुद्रा वापरणारा वर्ग अधिकारी व लेखनिक यांचा होता. शेतकरी व दासदासी यांच्या घरात कोणती नावे रूढ होती, हे या मुद्रा सांगत नाहीत.

४. सत्ता आणि नामांतर

जेत्याने जिताचे नाव बदलावे, ही प्रथा जुन्या करारात स्पष्टपणे नोंदलेली आहे. इ.स.पू. ६०९ मध्ये फारो नखो याने 'एल्याकीम' याला यहूदाच्या गादीवर बसवून त्याचे नाव 'यहोयाकीम' केले. इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलच्या नबुखद्नेस्सराने 'मत्तन्या' याला राजा करून त्याचे नाव 'सिद्कीया' ठेवले. विशेष म्हणजे ही नवी नावेही याहवेयुक्तच आहेत. परकीय राजाने आपले दैवत लादले नाही. नाव ठेवण्याचा अधिकार कोणाचा, एवढेच त्याने दाखवून दिले.

दानीएलाच्या ग्रंथातील प्रसंग याहून वेगळा आहे. दानीएल, हनन्या, मीशाएल व अजऱ्या या नावांतील 'एल' व 'या' पुसून त्यांना बेल्टशस्सर, शद्रख, मेशख व अबेदनगो अशी नावे दिली गेली. 'अबेदनगो' हे 'नबू देवाचा सेवक' या अर्थाच्या नावाचे विकृत रूप असावे. तथापि परकीय नाव धारण करणे म्हणजे ओळख गमावणे, असे समीकरण मांडता येत नाही. बंदिवासातून परतलेल्यांचा पुढारी जरुब्बाबेल याच्या नावाचा अर्थच 'बाबेलचे बीज' आहे आणि मर्दखयाच्या नावात मर्दूक हे बाबेली दैवत आहे. निप्पूर येथे १८९३ मध्ये सापडलेल्या मुराशू घराण्याच्या मृत्तिकालेखांत इ.स.पू. पाचव्या शतकातील यहूदी लोकांची नावे आहेत. त्यांपैकी काही कुटुंबांत बापाचे नाव बाबेली व मुलाचे नाव याहवेयुक्त आढळते. परक्या भूमीत जन्मलेल्या पिढीने वडिलांपेक्षा जुनी नावे निवडावीत, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे.

५. हिब्रू नावांचा महाराष्ट्रापर्यंतचा प्रवास

ही नावे मराठी प्रदेशात वेगवेगळ्या वाटांनी आली. अरबी-फारसीतून मुसा, दाऊद, सुलेमान ही रूपे आली. पोर्तुगीजांमुळे गोव्यात 'योहानान' चा जुवांव व 'योसेफ' चा जुझे झाला. मराठी बायबलमुळे मोशे, दावीद, शलमोन ही रूपे रूढ झाली.

या संदर्भात कोकणातील बेने इस्राएल समाजाचे उदाहरण महत्त्वाचे आहे. मुंबईतील या समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर १७९६ मध्ये सामाजी हसाजी दिवेकर यांनी बांधले. 'सामाजी' म्हणजे शमुवेल आणि 'हसाजी' म्हणजे यहेज्केल. त्याचप्रमाणे अब्राहामाचा आबाजी व इसहाकाचा इसाजी झाला. 'दिवेकर' हे आडनाव तर दिवे या गावावरून आलेले. या समाजाचे इतिहासकार हाईम सॅम्युअल केहिमकर यांचा १८९७ मध्ये लिहिलेला ग्रंथ १९३७ मध्ये प्रकाशित झाला. त्यांच्या नावातही हिब्रू नाव आणि कोकणी गाव शेजारी नांदतात. 'शमुवेल' व 'यहेज्केल' यांतील 'एल' हे देवतावाचक पद कोकणात झिजून गेले आणि त्या जागी मराठीतील आदरार्थी 'जी' आले. नावाचा शब्दार्थ हरपला, पण पूर्वजांची आठवण टिकून राहिली.

निष्कर्ष

१. बायबलमधील नामार्थ आणि नावांची व्युत्पत्ती ही दोन भिन्न काळांची साधने असून त्यांचा विचार स्वतंत्रपणे झाला पाहिजे.

२. एश्बाल व ईश-बोशेथ यांसारख्या दुहेरी रूपांवरून इस्राएली एकेश्वरवाद क्रमाक्रमाने घडत गेला व लेखनिकांनी जुन्या खुणा पुसण्याचा प्रयत्न केला, असे दिसते.

३. नामांतर हे सत्तेचे साधन होते. परंतु केवळ नावावरून व्यक्तीची श्रद्धा ठरविणे धोक्याचे आहे.

४. शब्दार्थ लोपल्यानंतरही नाव समाजाची स्मृती वाहून नेऊ शकते, हे बेने इस्राएलांच्या नावांवरून स्पष्ट होते.

नाव पुसणाऱ्या लेखनिकालाही ते पूर्णपणे पुसता आले नाही; एका वंशावळीत आणि एका रांजणावर ते शिल्लक राहिले. एखाद्या नावाचा अर्थ विद्यार्थ्यांना सांगताना तो अर्थ कोणी, केव्हा आणि कशासाठी सांगितला, हे विचारण्याची सवय आपण त्यांना लावू शकलो, तर इतिहासाच्या अध्यापनाचे एक महत्त्वाचे कार्य साधेल.