श्रावण कधी लागतो: अमान्त आणि पूर्णिमान्त महिन्यांची कुळकथा

श्रावण महिना भारतात दोनदा लागतो. २०२५ साली उत्तर प्रदेश, बिहार, राजस्थान आणि मध्य प्रदेशात तो ११ जुलैला सुरू झाला आणि ९ ऑगस्टला, राखीपौर्णिमेला संपला. महाराष्ट्र, गोवा, गुजरात, कर्नाटक, तेलंगण आणि आंध्र प्रदेशात तो २५ जुलैला लागून २३ ऑगस्टपर्यंत चालला. काशीत श्रावणी सोमवार १४, २१ आणि २८ जुलै व ४ ऑगस्ट या दिवशी झाले, तर त्र्यंबकेश्वरी २८ जुलै आणि ४, ११, १८ ऑगस्ट या दिवशी. चारांपैकी दोनच सोमवार दोन्हीकडे एक होते. कावडिये गंगाजल घेऊन ज्या श्रावणातल्या शिवरात्रीला शिवालयात पोचतात, तो दिवस महाराष्ट्राच्या पंचांगात आषाढ वद्य चतुर्दशीचा असतो. दुसऱ्या दिवशीची अमावस्या उत्तरेत हरियाली अमावस्या आणि इकडे दिव्याची आवस. उत्तरेतला भाविक तोवर निम्मा श्रावण पाळून झालेला असतो. महाराष्ट्रात मात्र त्या दिवसापर्यंत सामिष खाण्याला मुभा असते आणि गटारीची गडबड चाललेली असते.

या फरकामागे देव वेगळा नाही, व्रत वेगळे नाही आणि आकाशातला चंद्रही वेगळा नाही. वेगळी आहे ती महिना कुठे तोडायचा याची रीत. अमावस्येला महिना संपवला तर तो अमान्त, पौर्णिमेला संपवला तर पूर्णिमान्त. अमान्त महिन्यात शुद्ध पक्ष आधी येतो आणि वद्य नंतर. पूर्णिमान्त महिन्यात वद्य आधी आणि शुद्ध नंतर. म्हणून शुद्ध पक्षाच्या महिन्याचे नाव देशभर सारखेच राहते. रामनवमी सगळीकडे चैत्रातली, गणेश चतुर्थी भाद्रपदातली, दसरा आश्विनातला. वद्य पक्षाचे नाव मात्र उत्तरेत एका महिन्याने पुढे असते. महाराष्ट्राची महाशिवरात्र माघ वद्य चतुर्दशीला, तर उत्तरेची फाल्गुन वद्य चतुर्दशीला. गोकुळाष्टमी इकडे श्रावणातली, तिकडे भाद्रपदातली. लक्ष्मीपूजन इकडे आश्विन अमावस्येला, तिकडे कार्तिक अमावस्येला. पितृपक्ष इकडे भाद्रपदात, तिकडे आश्विनात. या साऱ्यांत दिवस एकच, महिन्याचे नाव तेवढे निराळे. एका तिथीचा सण असल्या नामभेदाने हलत नाही. अख्खा महिना धरून केलेले व्रत मात्र पंधरा दिवस सरकते. श्रावणाची तफावत जाणवते ती यामुळे.

दोन्ही रीती फार जुन्या आहेत. तैत्तिरीय संहितेत वर्षभर चालणाऱ्या यज्ञसत्रात मधला एखादा दिवस सोडण्याची चर्चा आहे. तिथे महिना अमावस्येला पुरा करणाऱ्यांचा आणि पौर्णिमेला पुरा करणाऱ्यांचा असे दोन्ही पक्ष शेजारीशेजारी नोंदलेले आहेत. म्हणजे हा भेद उत्तर-दक्षिण असा पडण्याच्या कितीतरी आधी याज्ञिकांच्या एकाच समाजात होता. महिन्यांची नावे पौर्णिमेच्या नक्षत्रावरून पडली. चंद्र चित्रेपाशी पूर्ण होतो तो चैत्र, विशाखेपाशी तो वैशाख, श्रवणापाशी तो श्रावण. पाणिनीने या नावांसाठी स्वतंत्र सूत्र केले आहे. हे नामकरण दोन्ही रीतींना सारखेच लागू पडते, म्हणून त्यावरून मूळ रीत कोणती हे ठरत नाही. वेदांगज्योतिषाचे पाच वर्षांचे युग मात्र माघ शुद्ध प्रतिपदेला सुरू होते. तिथे गणित अमान्त आहे.

जैन परंपरेत उलटा पुरावा मिळतो. कल्पसूत्रात महावीरांचे निर्वाण कार्तिकाच्या वद्य पक्षातल्या अमावस्येला सांगितले आहे. तीच दिवाळीची अमावस्या. अमान्त गणतीत ती आश्विनाची ठरते. त्या ग्रंथाचा महिना पूर्णिमान्त आहे, हे यातून उघड होते. सातवाहनांच्या नाशिकच्या लेण्यांतले लेख तर महिना सांगतच नाहीत. ग्रीष्म, वर्षा आणि हेमंत असे तीन ऋतू, प्रत्येकाचे आठ पक्ष आणि पक्षातला दिवस, अशी त्यांची कालनोंद आहे. ज्या कालगणनेत पक्ष हाच एकक आहे, तिच्यात महिना कुठे संपतो हा प्रश्नच उठत नाही.

अमान्ताचे पारडे जड झाले ते सिद्धान्त ग्रंथांच्या काळात. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान. ही तूट भरून काढण्यासाठी साधारण ३२-३३ महिन्यांनी एक अधिक महिना धरावा लागतो. तो कधी धरायचा, याचा नियम सूर्याच्या संक्रांतीवर बसवला गेला. एका अमावस्येपासून दुसऱ्या अमावस्येपर्यंत सूर्याने रास बदलली नाही, तर तो महिना अधिक. अमावस्या म्हणजे सूर्य-चंद्राची युती, तेव्हा हे गणित अमान्त महिन्यावरच चालते. पूर्णिमान्त पाळणाऱ्या प्रांतांतही ते तसेच करतात. परिणामी अधिक महिना तिथे मूळ, म्हणजे निज, महिन्याच्या पोटात येतो: आधी निज महिन्याचा वद्य पक्ष, मग अधिकाचे दोन पक्ष आणि शेवटी निजाचा शुद्ध पक्ष. २०२३ साली अधिक श्रावण होता. तेव्हा उत्तरेतला श्रावण ४ जुलै ते ३१ ऑगस्ट असा चालला आणि त्यात आठ सोमवार आले. महाराष्ट्रात १८ जुलै ते १६ ऑगस्ट अधिक महिना आणि १७ ऑगस्टपासून निज श्रावण, असे दोन वेगळे महिने एकापुढे एक आले. पिठोरी अमावस्या व पोळा १४ सप्टेंबरला झाले, तेव्हा उत्तरेत श्रावण संपून दोन आठवडे उलटले होते.

दक्षिणेत पहिल्यापासून अमान्त आणि उत्तरेत पूर्णिमान्त, असा सरसकट समज आहे. कोरीव लेखांनी तो खोटा ठरवला. एखाद्या ताम्रपटात वद्य पक्षाची तिथी आणि वार दोन्ही दिले असतील, तर रीत ओळखता येते. अमान्त आणि पूर्णिमान्त गणतीने येणाऱ्या तारखांत साडेएकोणतीस दिवसांचे अंतर पडते, वार त्यामुळे एक-दोन दिवसांनी चुकतो आणि सहसा एकच रीत लेखातल्या वाराशी जुळते. एकोणिसाव्या शतकात जॉन फेथफुल फ्लीट, फ्रान्झ कीलहॉर्न आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी अशी गणिते मोठ्या चिकाटीने केली. राष्ट्रकूट गोविंद तिसरा याच्या एका कन्नड ताम्रपटावर शके ७२६, वैशाख वद्य पंचमी, गुरुवार अशी मिती आहे. फ्लीट यांनी ती पूर्णिमान्त धरून इ.स. ८०४ च्या एप्रिलशी जुळवली. म्हणजे नवव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत शक कालगणना वापरणाऱ्या दक्षिणेतही पूर्णिमान्त महिना चालत होता. अमान्त तिथे रुजला तो त्यानंतर. मुरूडच्या दीक्षितांनी रॉबर्ट सेवेल यांच्यासह लिहिलेला ‘द इंडियन कॅलेंडर’ आणि त्यांचा स्वतःचा भारतीय ज्योतिःशास्त्राचा मराठी इतिहास, हे दोन्ही ग्रंथ १८९६ चे. या विषयात इतका भक्कम पाया मराठीत घातला गेला, ही मोलाची गोष्ट आहे.

मध्ययुगातल्या धर्मशास्त्राच्या निबंधकारांनी या भेदाला प्रांताची सीमा दिली. त्रिकाण्डमण्डन या ग्रंथकाराचे एक वचन निबंधग्रंथांत वारंवार येते. त्याचा आशय असा, की विंध्याच्या दक्षिणेला वद्य पक्षापासून महिना धरणे मान्य नाही. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला काशीत निर्णयसिंधु लिहिणाऱ्या कमलाकरभट्टांचे घराणे मूळचे पैठणचे. पुढे पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्यायांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस धर्मसिंधु रचला. सणांच्या निर्णयासाठी महाराष्ट्रातले पंचांगकर्ते आजही या दोन ग्रंथांकडे पाहतात. दोन्ही रीती शास्त्राला ठाऊक असून ज्याने त्याने आपल्या देशाचाराप्रमाणे चालावे, ही या ग्रंथांमागची धारणा. त्यामुळे ‘खरा श्रावण कोणता’ या वादाला शास्त्राचा आधार नाही.

प्रांतांची सीमा म्हणून पुढे नर्मदेचे नाव घेतले जाऊ लागले, पण प्रत्यक्षात सीमा इतकी सरळ नाही. गुजरात नर्मदेच्या दोन्ही तीरांवर पसरलेला असून सगळा अमान्त आहे. तिथे विक्रम संवताचे वर्षही कार्तिक शुद्ध प्रतिपदेला बदलते. ओडिशात चांद्र महिना पूर्णिमान्त आहे. काठमांडू खोऱ्यातल्या नेवारांचा नेपाळ संवत अमान्त आहे आणि भोवतालचा नेपाळ पूर्णिमान्त.

या दोन रीतींनी एकमेकींवर उमटवलेल्या खुणा हा या इतिहासाचा सर्वांत बोलका भाग आहे. उत्तरेतल्या पूर्णिमान्त पंचांगांत पौर्णिमेपुढे १५ आणि अमावस्येपुढे ३० हाच आकडा छापतात. पूर्णिमान्त महिन्यात अमावस्या मध्यावर येते; तिला तिसावी तिथी म्हणणे हा अमान्त गणिताचा अवशेष आहे. उत्तरेत नवे वर्षही चैत्राच्या पहिल्या दिवशी सुरू होत नाही. होळीच्या दुसऱ्या दिवशी तिथे चैत्र लागतो, पण संवत बदलतो तो पंधरा दिवसांनी, शुद्ध प्रतिपदेला. म्हणजे निम्मा चैत्र जुन्या वर्षात जातो आणि निम्मा नव्या वर्षात. दुसऱ्या बाजूला, अमान्त महाराष्ट्रातल्या दिनदर्शिकांत चैत्र पौर्णिमेला वैशाखस्नानारंभ, आश्विन पौर्णिमेला कार्तिकस्नानारंभ आणि पौष पौर्णिमेला माघस्नानारंभ छापलेला असतो. ही स्नाने पौर्णिमा ते पौर्णिमा अशी आहेत. देवळांतली काकड आरतीही कोजागरीपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत चालते. पंचांग अमान्त झाले, तरी तीर्थस्नानाचा महिना पूर्णिमान्तच राहिला. स्नानाचे व्रत यात्रेशी बांधलेले असते आणि प्रयाग, काशी, पुष्कर येथे जमणारा समाज सगळ्या देशातून येतो. तिथला महिना एका प्रांताला आपल्यापुरता बदलता आला नसावा.

उज्जैनमध्ये दोन्ही श्रावण एकत्र नांदतात. अठराव्या शतकात माळवा मराठ्यांकडे आला आणि राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी महाकालेश्वराचे देऊळ पुन्हा उभारले. महाकालाची सवारी श्रावणातल्या सोमवारी निघते, पण राखीपौर्णिमेला थांबत नाही. भाद्रपदाच्या वद्य पक्षातही, म्हणजे मराठी श्रावण संपेपर्यंत, ती चालू राहते. २०२५ मध्ये पहिली सवारी १४ जुलैला निघाली आणि शेवटची शाही सवारी १८ ऑगस्टला. सवारीचा हा विस्तार मराठा अमलाची देणगी मानला जातो.

सगळेच फरक मात्र महिन्याच्या रीतीने उलगडत नाहीत. वटसावित्री हे त्याचे ठळक उदाहरण. महाराष्ट्र आणि गुजरातेत हे व्रत ज्येष्ठ पौर्णिमेला होते. उत्तर प्रदेश, बिहार आणि ओडिशात ज्येष्ठ अमावस्येला. २०२५ मध्ये उत्तरेतल्या सुवासिनींनी २६ मे रोजी वड पुजला, महाराष्ट्रातल्या सुवासिनींनी १० जूनला. हाही अमान्त-पूर्णिमान्ताचाच खेळ, असे पुष्कळदा सांगितले जाते. ते बरोबर नाही. ज्येष्ठ पौर्णिमा दोन्ही रीतींत ज्येष्ठ पौर्णिमाच असते. येथे तिथीच वेगळी आहे, आणि त्यामागे व्रतवचनांच्या दोन वेगळ्या परंपरा आहेत.

तमिळनाडू, केरळ, बंगाल, आसाम आणि पंजाबात नित्याचा महिना सौर आहे. तो सूर्याच्या राशिप्रवेशाने लागतो आणि तिथेही प्रांतागणिक नियम बदलतो. संक्रांत ज्या दिवशी त्याच दिवशी ओडिशात सौर महिना सुरू होतो. तमिळनाडूत ती सूर्यास्तापूर्वी झाली असेल तरच त्या दिवशी, एरवी दुसऱ्या दिवशी. सौर महिना आणि नक्षत्र यांवर सण बसवला, की दिवस खरोखर वेगळा पडू शकतो. केरळात कृष्णजन्म चिंगम महिन्यात अष्टमी आणि रोहिणी पाहून धरतात. काही वर्षी तो उत्तरेतल्या जन्माष्टमीपासून दूर जातो. बंगालची दुर्गापूजा मात्र सौर वर्ष मानणाऱ्या प्रांतात असूनही आश्विनाच्या चांद्र तिथींवरच चालते.

स्वातंत्र्यानंतर या साऱ्या गणतींचा मेळ घालण्याचा प्रयत्न झाला. १९५२ साली वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली. निर्मलचंद्र लाहिरी तिचे सचिव होते, नागपूरचे के. ल. दप्तरी आणि पुण्याचे ज. स. करंदीकर हे सदस्यांत होते. समितीपुढे देशाच्या निरनिराळ्या भागांत चालणारी सुमारे तीस पंचांगे आली. तिचा अहवाल १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि २२ मार्च १९५७ पासून, म्हणजे १ चैत्र शके १८७९ पासून, राष्ट्रीय दिनदर्शिका सरकारी व्यवहारात आली. तिचे महिने सौर आणि ठरावीक दिवसांचे असल्यामुळे शुद्ध-वद्य पक्षांचा प्रश्न तिच्यात येतच नाही. धार्मिक तिथींसाठी समितीने गणिताचे एक मध्यस्थान सुचवले: पूर्व रेखांश ८२ अंश ३० कला आणि उत्तर अक्षांश २३ अंश ११ कला. तिथी केव्हा सुरू होते आणि केव्हा संपते, यावर एकमत व्हावे हा त्यामागचा हेतू. महिना अमावस्येला संपवायचा की पौर्णिमेला, हे पूर्वीप्रमाणेच प्रांताच्या रूढीवर राहिले.